लाकडातल्या साखरेचा ध्यास

भाताचा दाणा आणि भाताचा पेंढा एकाच रोपावर वाढतात. दाण्यातला स्टार्च ग्लुकोज या साखरेचा बनलेला असतो. पेंढ्यातला सेल्युलोजही त्याच ग्लुकोजचा बनलेला असतो. फरक एवढाच, की ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडणारा दुवा दोन्हींत वेगळा असतो. स्टार्चमधला दुवा आपल्या लाळेतले आणि आतड्यातले पाचकरस सहज तोडतात, म्हणून भात पचतो. सेल्युलोजमधला दुवा माणसाच्या शरीरातला कोणताही पाचकरस तोडू शकत नाही. गाय-म्हैस पेंढा खाऊन जगते तीही पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर.

हा दुवा कारखान्यात तोडता आला, तर पेंढा, गवत, उसाची चिपाडे, लाकडाचा भुसा या सगळ्यांतून साखर मिळेल आणि ती साखर आंबवून इंधन म्हणून वापरता येणारे अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल मिळेल. माणसाच्या ताटातले धान्य त्यासाठी लागणार नाही. आज दुसऱ्या पिढीचे इथेनॉल या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना नवी वाटते. पण तिच्यामागे एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी आपली उमेद आणि आपला पैसा लावला होता. त्यांचे नाव फ्रीडरिश बर्गियस. जगाने त्यांना नोबेल पारितोषिक दिले ते मात्र दुसऱ्याच कामासाठी.

कारखान्याच्या अंगणात

बर्गियस यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४ रोजी ब्रेस्लाऊ शहराजवळच्या गोल्डश्मीडेन इथे झाला. तेव्हा जर्मनीत असलेले हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. वडिलांचा रसायनांचा कारखाना होता. भट्ट्या, पिंपे, आम्लांचा वास हे सारे त्यांना लहानपणापासून ओळखीचे होते. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत जे घडते ते कारखान्यात टनांच्या हिशेबात घडवताना काय अडचणी येतात, हे त्यांनी पुस्तकांच्या आधी घरात पाहिले.

ब्रेस्लाऊ आणि लाइपझिग इथे त्यांचे शिक्षण झाले आणि १९०७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे बर्लिनमध्ये वाल्टर नेर्न्स्ट आणि कार्ल्सरूहे इथे फ्रिट्झ हाबर यांच्याकडे त्यांनी काम केले. हाबर तेव्हा हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून प्रचंड दाबाखाली अमोनिया तयार करण्याच्या खटपटीत होते. साध्या हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाब धरून ठेवणारी भांडी, त्यांच्या झडपा, त्यांची गळती हे तेव्हाचे अवघड प्रश्न होते. उच्च दाबाची ही विद्या बर्गियस यांनी तिथे जवळून पाहिली. १९०९ मध्ये ते हॅनोव्हरला आले आणि तिथे त्यांनी स्वतःच्या खर्चाने खासगी प्रयोगशाळा उभी केली.

वनस्पतीपासून कोळसा, कोळशापासून पेट्रोल

हॅनोव्हरमध्ये त्यांनी हाती घेतलेला प्रश्न मोठा विलक्षण होता. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा दगडी कोळसा व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात. हीच क्रिया बंद भांड्यात, थोड्या काळात घडवता येईल का? दलदलीतले पीट आणि सेल्युलोज पाण्याबरोबर पोलादी भांड्यात कोंडून त्यांनी ते तीनशे अंशांच्याही वर तापवले. आतून जो काळा पदार्थ निघाला तो पुष्कळसा कोळशासारखा होता. निसर्गाने संथपणे केलेले काम उष्णता आणि दाब यांनी घाईने करून घेता येते, हे त्यातून दिसले.

मग त्यांनी पुढची पायरी ओलांडली. कोळसा आणि खनिज तेल यांच्यातला एक मोठा फरक हायड्रोजनच्या प्रमाणाचा आहे. तेलात हायड्रोजन जास्त, कोळशात कमी. कोळशाची पूड जड तेलात कालवून तिच्यावर सुमारे ४०० ते ४५० अंश तापमानाला आणि हवेच्या सुमारे २०० पट दाबाखाली हायड्रोजन सोडला, तर कोळशाचे द्रवात रूपांतर होते, हे बर्गियस यांनी दाखवून दिले. १९१३ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. जर्मनीत कोळसा भरपूर आणि तेल जवळजवळ नाही. त्यामुळे या शोधाचे मोल सर्वांच्या लगेच लक्षात आले.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. बर्गियस एसेनच्या गोल्डश्मिट कंपनीत गेले आणि मानहाइम शहराजवळ राइनाऊ इथे कोळशाचे तेल करण्याचा कारखाना उभा राहू लागला. पण प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना खर्च इतका वाढत गेला, की एका माणसाला किंवा एका मध्यम कंपनीला तो पेलणे अशक्य झाले. १९२५ मध्ये बर्गियस यांनी आपले हक्क बीएएसएफ या बलाढ्य कंपनीला विकले. त्याच वर्षी ही कंपनी आय. जी. फार्बेन या महाकाय उद्योगसमूहात सामील झाली. लॉयना इथे त्या समूहाने १९२७ मध्ये कोळशापासून पेट्रोल काढायला सुरुवात केली.

उच्च दाबाच्या पद्धतींच्या या कामासाठी १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल बॉश आणि फ्रीडरिश बर्गियस यांना विभागून देण्यात आले. बॉश आय. जी. फार्बेनचे प्रमुख होते. बर्गियस यांच्याकडे तोपर्यंत कोळशाच्या कारखान्यातले काहीच उरले नव्हते. हक्क विकून मिळालेला पैसा आणि आपला वेळ त्यांनी लाकडाकडे वळवला होता.

भुकेतून आलेला प्रश्न

लाकडाचा विषय त्यांच्या मनात महायुद्धाच्या काळातच शिरला होता. ब्रिटिश नौदलाने जर्मनीची समुद्रकोंडी केली होती. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत शलगमांचा हिवाळा म्हणून ओळखला जातो, कारण बटाट्याचे पीक बुडाल्याने लोकांना जनावरांसाठी पिकवलेल्या शलगमांवर दिवस काढावे लागले. माणसांनाच अन्न नाही, तिथे गुरांना धान्य कुठून मिळणार? देशात जंगल मात्र होते. लाकडातल्या साखरेवर निदान गुरे तरी जगतील आणि धान्य माणसांसाठी उरेल, हा तेव्हाचा विचार होता.

लाकडातून साखर निघते हे शास्त्रज्ञांना नवे नव्हते. फ्रान्समधल्या नान्सी इथे आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्येच चिंध्या आणि लाकूड यांच्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून साखर काढली होती. अडचण होती ती प्रमाणाची. सौम्य आम्ल वापरले तर लाकूड त्याच्याबरोबर खूप तापवावे लागते. त्या उष्णतेत साखर सुटी होते खरी. पण सुटी झालेली साखर त्याच उष्णतेत नष्टही होऊ लागते. एका बाजूने मिळते आणि दुसऱ्या बाजूने जाते. लाकडात असलेल्या साखरेपैकी निम्मी हाती लागली तरी पुष्कळ, अशी स्थिती होती.

१९१३ मध्ये रिशार्ड विलश्टेटर आणि लास्लो झेकमाइस्टर यांना एक वेगळी वाट सापडली. सुमारे ४० टक्के तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सेल्युलोज साध्या तापमानालाच विरघळतो आणि त्याची जवळजवळ सगळी साखर होते, असे त्यांनी दाखवले. घरातली फरशी घासायला मिळते त्या आम्लातही हेच रसायन असते; पण ते पाणी घालून पुष्कळ सौम्य केलेले असते. ४० टक्क्यांचे आम्ल उघड्यावर धुरकट वाफा सोडते आणि त्या वाफांनी घसा, डोळे, लोखंड काहीच सुटत नाही. उष्णता नको, म्हणून साखर जळत नाही. हे सूत्र बर्गियस यांनी उचलले आणि त्याचा कारखाना करायचे ठरवले. स्वीडनचे लाकूड-रसायनतज्ज्ञ एरिक हेग्लुंड या कामात सुरुवातीला त्यांच्या बरोबर होते.

आम्ल परत मिळवण्याची लढाई

प्रक्रिया सांगायला सोपी होती. वाळवलेल्या लाकडाच्या ढलप्या एकापुढे एक ठेवलेल्या उभ्या भांड्यांत भरायच्या. तीव्र आम्ल एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवत न्यायचे. ताजे आम्ल सर्वांत आधी जवळजवळ संपलेल्या ढलप्यांवर जाते आणि साखरेने दाट झालेले आम्ल शेवटी ताज्या ढलप्यांमधून बाहेर पडते. त्यामुळे साखरेचा शेवटचा अंशही वाया जात नाही. भांड्यात मागे उरते ते लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे तपकिरी द्रव्य. ते दाबून त्याच्या विटा केल्या की जाळायला उपयोगी पडतात. शंभर किलो कोरड्या लाकडातून साठ किलोंहून अधिक साखर या रीतीने निघत असे.

खरी लढाई त्यानंतर सुरू होई. हाती आलेला द्रव म्हणजे आम्लात मुरलेली साखर. त्यातून आम्ल काढायचे, तेही साखर न जाळता. आणि काढलेले आम्ल पुन्हा तितकेच तीव्र करून वापरायचे. दर फेरीत थोडे जरी आम्ल वाया गेले, तरी साखरेची किंमत वाढते. द्रव तापवला तर साखर करपते. तापवण्यासाठी धातूची भांडी वापरावीत तर आम्ल ती खाऊन टाकते. बर्गियस यांनी एक युक्ती काढली. द्रव थेट धातूच्या तापलेल्या भिंतीला लावण्याऐवजी निर्वात भांड्यात तो गरम खनिज तेलाच्या संपर्कात आणायचा. तेल उष्णता देते, आम्लाची वाफ उडून जाते आणि तेल व साखर एकमेकांत मिसळत नाहीत.

अशी एकेक अडचण सोडवण्यात वर्षे गेली. आम्ल सोसणारी भांडी, अस्तरे, पंप, नळ प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागले. आम्ल उडवून मिळालेली साखरही लगेच आंबवता येत नसे, कारण तिच्यात ग्लुकोजचे कण अजून दोन-चारच्या साखळ्यांत राहिलेले असत. तो पाक पाण्याने पातळ करून पुन्हा थोड्या आम्लाबरोबर उकळावा लागे, तेव्हा कुठे यीस्टला चालणारी साखर तयार होई. या कामात बर्गियस यांनी आपली संपत्ती ओतली. नोबेल पारितोषिक मिळाले त्या सुमारास जगभर मंदी होती आणि ते स्वतः पैशांच्या अडचणीत सापडले होते.

कोळशाच्या वेळी त्यांनी हक्क विकून हात मोकळे केले होते. लाकडाच्या बाबतीत ते मागे हटले नाहीत. राइनाऊ इथे लाकडापासून साखर करणारा कारखाना उभा राहिला. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या तीनशेव्या वर्धापन सोहळ्यात जगातल्या नामवंत विद्वानांना मानद पदव्या दिल्या. त्यांत बर्गियस होते आणि तिथे त्यांनी मांडलेला विषय लाकडापासून अन्न मिळवण्याचाच होता.

सत्तेच्या सावलीत

या काळातल्या जर्मनीत हिटलरची सत्ता होती. बाहेरून काहीही आणावे न लागता देशाने युद्धाला तयार व्हावे, हे त्या सत्तेचे धोरण होते. त्यामुळे जे तंत्र बाजारात टिकत नव्हते, त्याला आता सरकारी आधार मिळाला. लाकडाच्या साखरेपासून गुरांचे खाद्य, अल्कोहोल आणि खाण्याचे यीस्ट तयार होऊ लागले. हाइनरिश शोलर यांची सौम्य आम्लाची पद्धतही जर्मनीत चालू होती. तिच्यात साखर कमी मिळे. पण आम्ल इतके थोडे लागे, की ते परत मिळवण्याची यातायातच नसे. साखर जास्त हवी की कारखाना साधा हवा, असा तो तिढा होता.

बर्गियस यांच्या पहिल्या शोधाचा उपयोग याहून कितीतरी मोठा आणि भीषण झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांचे बहुतेक पेट्रोल कोळशावर हायड्रोजनची क्रिया करणाऱ्या कारखान्यांतून येत होते. मे १९४४ पासून दोस्त राष्ट्रांनी लॉयनासह या कारखान्यांवर बॉम्बहल्ले सुरू केले आणि काही महिन्यांत जर्मन हवाई दल इंधनाविना लुळे पडले. शोध विकून टाकला म्हणून शोधकाचे नाव त्यापासून सुटत नाही. युद्ध संपल्यावर बर्गियस यांना जर्मनीत काम उरले नाही. सल्लागार म्हणून ते युरोपातल्या वेगवेगळ्या देशांत फिरले आणि शेवटी अर्जेंटिनाला गेले. तिथेही त्यांना उद्योग उभारणीच्या सल्ल्यासाठीच बोलावले होते. ३० मार्च १९४९ रोजी ब्युनॉस आयर्स इथे, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

युद्धानंतर स्वस्त खनिज तेल सगळीकडे पोहोचले आणि लाकडाचे अल्कोहोल मागे पडले. स्वित्झर्लंडमध्ये एम्स इथे युद्धकाळात लाकडापासून वाहनांसाठी इंधन केले जात होते. तो कारखाना सरकारी मदतीवर चालू ठेवायचा का, हा प्रश्न १९५६ मध्ये थेट मतदारांपुढे गेला आणि मतदारांनी नकार दिला. सोव्हिएत संघात मात्र सौम्य आम्लाची पद्धत वापरणारे कारखाने पुढेही बरीच वर्षे चालले, कारण तिथे हिशेब बाजारभावाचा नव्हता.

बुरशीने दिलेले उत्तर

बर्गियस आम्लाशी झुंजत होते, त्याच युद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याला एक वेगळीच डोकेदुखी झाली होती. दमट जंगलात सुती तंबू आणि गणवेश कुजून जात होते. सुती कापड म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते खाणारी एक बुरशी बोगनव्हिल बेटावरून आणून अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत ठेवण्यात आली. कापड वाचवण्यासाठी सुरू झालेल्या या अभ्यासातून एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे उलटाच फायदा काढला. ही बुरशी जी विकरे बाहेर टाकते, ती सेल्युलोजचा दुवा तोडून साखर मोकळी करतात. तीव्र आम्ल लागत नाही, पोलाद गंजत नाही, सुमारे ५० अंशांची ऊब पुरते. रीस यांच्या सन्मानार्थ या बुरशीला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळाले.

आजच्या दुसऱ्या पिढीच्या इथेनॉल कारखान्यांचा पाया ही विकरे आहेत. हरियाणातल्या पानिपत इथे इंडियन ऑइलच्या अशा प्रकल्पाचे ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. दर वर्षी दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. उत्तर भारतात शेतात जाळला जाणारा आणि हिवाळ्यात दिल्लीकरांच्या छातीत शिरणारा पेंढा यातून मार्गी लागावा, ही अपेक्षा त्यामागे आहे.

या आकड्यांचा भागाकार केला तर एका टनामागे १५० लिटर इथेनॉल येते. पूर्ण कोरड्या पेंढ्यात सेल्युलोज ३५ टक्के धरला, तर एका टनातल्या सेल्युलोजपासूनच कागदोपत्री सुमारे २५० लिटर मिळायला हवे. मधले शंभर लिटर कुठे जातात? लिग्निनचे कवच विकरांना सेल्युलोजपर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून पेंढा आधी वाफ आणि आम्ल यांनी सैल करावा लागतो. त्यात काही साखर जाते. विकरे हळू काम करतात आणि महाग असतात, म्हणून शेवटच्या अंशापर्यंत थांबणे परवडत नाही. पेंढ्यातल्या काही साखरा तर अशा असतात, की दारूचे नेहमीचे यीस्ट त्यांना तोंडही लावत नाही. त्यात पेंढा गोळा करणे, गठ्ठे बांधणे, वर्षभर कोरडा साठवणे यांचा खर्च आणखी वेगळा.

लाकडातली जवळजवळ सगळी साखर बाहेर काढता येते, हे राइनाऊच्या कारखान्यात सिद्ध झालेच होते. तिथे अडले ते ती काढण्यासाठी किती आम्ल, किती भांडी आणि किती पैसा खर्ची पडतो यावर. आम्लाच्या जागी आता विकरे आली आहेत, पण मिळालेल्या प्रत्येक लिटरमागचा तो हिशेब बर्गियस यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला करावा लागतो आहे.